रफार आधी की 'प्र'?

१९९८ साली एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी प्रश्नावल्यांचे गठ्ठे पिशवीत घालून मी चार शाळा फिरले. विषय होता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी आणि त्यांची शैक्षणिक संपादणूक यांच्यातला सहसंबंध. तो मी निवडलेला नव्हता. मार्गदर्शकांनी पाच विषयांची यादी पुढे ठेवली होती, त्यातले पहिले दोन मैत्रिणींनी उचलले, तिसरा माझ्या वाट्याला आला. तिसऱ्याच शाळेत मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि प्रश्नावली चाळता चाळता विचारलं, "बाई, तुम्ही विद्यापीठातून आलात, तर एवढं एक सांगा. पाचवीला आमच्याकडे पोरं येतात. कुणी 'सूर्य' वाचतं आणि 'चक्र'ला अडतं, कुणाचं उलटं. 'राष्ट्र' तर बहुतेकांचं राहतंच. मग रफार आधी शिकवावा की 'प्र'? का दोन्ही एकदम?"

"बघून सांगते, सर," मी म्हणाले.

खरंच बघितलं. विभागाच्या ग्रंथालयात शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाची पुस्तकं होती, इंग्रजीतून उतरवलेलं मानसशास्त्र होतं, आणि मागच्या भिंतीला जुन्या प्रबंधांची कपाटं. त्या कपाटांत 'र'च्या जोडाक्षरांबद्दल काही मिळालं नाही. माझा प्रबंध मात्र वेळेत झाला: ११२ पानं, काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. सहसंबंध 'धन परंतु अल्प' निघाला. शिफारशींच्या प्रकरणात मी लिहिलं की शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चांगल्या अभ्याससवयी लावाव्यात, पालकांनी घरात पोषक वातावरण ठेवावं आणि शासनाने याकडे लक्ष द्यावं. मौखिकीत परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारले, दोन्ही संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांबद्दल. मुख्याध्यापकांना मी काहीच कळवलं नाही. कळवण्यासारखं होतं काय?

पुढे वीसेक वर्षं हायस्कुलात शिकवलं, मधली काही वर्षं बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावरही काढली. या काळात शिक्षणशास्त्रातले किती प्रबंध हाताखालून गेले याची मोजदाद नाही. त्यातले काही चांगले होते. पण त्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाच्या जवळपास जाणारे मला बोटावर मोजण्याइतकेही आठवत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्र विभागांकडे ज्ञान नाही असं नाही, त्यांच्याकडे शाळा नाही. ज्याच्याजवळ रुग्ण नाही त्या वैद्याने कितीही ग्रंथ लिहिले तरी गाव औषधाला दुसरीकडेच जाणार. आपलं गाव गेली पन्नास वर्षं दुसरीकडे जातंय.

२०१९ चा जून आठवून पाहा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. सत्तावीस हे 'वीस सात' असंही वाचता येईल, त्रेसष्ट हे 'साठ तीन'. जुनी नावं काढून टाकली नव्हती, शेजारी नवी दिली होती. तरी महाराष्ट्र पेटला. भाषेचा खून, इंग्रजीची गुलामी, पाढ्यांचं काय होणार, अशा आरोळ्या झाल्या. विधिमंडळात आडनावांवरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून शांतपणे समजावत राहिल्या की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे लहान मूल सत्तावीस ऐकून ७२ लिहितं, जोडाक्षरांनी भरलेली ही नावं त्याला जड जातात, दक्षिणेतल्या भाषांत हा घोळ नाही.

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. माझ्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना ते अजिबात पटत नव्हतं. आणि आम्हा दोघांकडेही पुरावा नव्हता. कुणाकडेच नव्हता. दुसरीतली किती मुलं कोणत्या संख्येला अडतात? एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ ही नावं पुढच्या दशकावर बेतलेली, मग तिथे चुका जास्त होतात का? 'एकोण'ची सवय लागलेलं मूल नव्व्याण्णवला येऊन काय करतं, कारण 'एकोणशंभर' तर आपण म्हणत नाही? ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलतात त्या मुलांचं वेगळं काही होतं का? ही गोंधळाची अवस्था आपोआप किती महिन्यांत सरते? सहा महिन्यांत सरत असेल तर पुस्तक बदलायची गरज नाही. चौथीपर्यंत टिकत असेल तर नक्की आहे.

हे शोधायला परदेशी अनुदान लागत नाही. एका विभागात एम.एड.चे तीस विद्यार्थी धरा. प्रत्येकाने दोन शाळा घेतल्या तर साठ शाळा. प्रत्येक मुलाला वीस संख्या ऐकवायच्या आणि लिहायला सांगायच्या, वीस संख्या दाखवायच्या आणि वाचायला सांगायच्या. एक आठवडा शाळांत, एक आठवडा आकडेमोडीला. त्या जूनमध्ये वाद तीन आठवडे चालला. एखाद्या विभागाने त्या तीन आठवड्यांत असं काही करून समोर ठेवलं असेल तर ते माझ्या वाचनात आलं नाही. तेव्हा मी रोज चार वर्तमानपत्रं वाचत होते. वाहिन्यांवर 'शिक्षणतज्ज्ञ' अशी पट्टी खाली लावून जे बसत होते, त्यांच्यात संस्थाचालक होते, माजी अधिकारी होते, कवी होते. ज्या विभागांच्या पाटीवरच शिक्षणशास्त्र लिहिलेलं आहे त्यांचा आवाज कुठे होता?

२०२५ मध्ये तेच पुन्हा झालं. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो सुधारून पुन्हा आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले आणि एक समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष डॉ. नरेंद्र जाधव, अर्थतज्ज्ञ. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी किती भाषांचं वाचन झेपतं हा प्रश्न आहे, आणि समितीचा अध्यक्ष नेमताना सरकारला अर्थतज्ज्ञ आठवतो, शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक आठवत नाही. यात सरकारचा दोष किती आणि आपला किती, हे एकदा स्वतःलाच विचारायला हवं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचंही तसंच. त्यांची संख्या पंधरा हजारांच्या घरात. त्या बंद करून समूह शाळा कराव्यात असा विचार २०२३ मध्ये पुढे आला आणि पानशेत नि तोरणमाळचे दाखले देण्यात आले. वाडीवरची शाळा गेल्यावर मुलींच्या हजेरीचं काय होतं, बसने सात किलोमीटर जाणारं पहिलीतलं पोर दुपारनंतर वर्गात जागं असतं का, हे सांगायला कार्यकर्ते पुढे आले, पत्रकार आले, पालक आले.

मग गेल्या पन्नास वर्षांत मराठी मुलांच्या शिकण्याबद्दल आपल्याला जे थोडंफार पक्कं माहीत झालं, ते कुणी शोधलं?

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीतल्या भेदांवर पीएच.डी. केली आणि तिथेच राहिल्या. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. अ आ इ ईच्या माळेने वाचन शिकवण्याऐवजी मोजकी अक्षरं आणि मोजक्या स्वरचिन्हांचे गट घेऊन मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच अर्थाचे शब्द वाचता येतील अशी मांडणी त्यांनी केली आणि ती वर्गात वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतली. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने. सुरुवातीची वर्षं त्यांनी नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत काढली, जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत काम केलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा सोपी केली की ज्यांना आपण 'मंद' म्हणतो त्या मुलांना विज्ञान कळू लागतं. मूल अडतं ते कल्पनेवर कमी आणि वाक्यावर जास्त. आमच्या स्टाफरूममध्ये हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती पोरांच्या प्रगतिपुस्तकावरचे शेरे बदलले असते.

'प्रथम' ही संस्था मुंबईच्या वस्त्यांतून १९९५ च्या सुमारास उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी माधव चव्हाण रसायनशास्त्रातले, फरीदा लांबे समाजकार्याच्या प्राध्यापक. २००५ पासून तिच्या 'असर' या पाहणीचे लोक घरोघर जाऊन एका कागदावर मुलांचं वाचन तपासू लागले. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी, ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. या आकड्यावर टीका करता येते, करावीही. पण टीका करायला तरी समोर आकडा आहे.

वडोदऱ्याची गोष्ट मला सर्वांत बोचते. सयाजीरावांच्या त्या शहरात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययनाचं केंद्र आहे. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ मध्ये तिथूनच निघाला, एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली. देशात कुठे काय संशोधन झालं याची नोंद ठेवणारी ती जागा. त्याच वडोदऱ्यात आणि मुंबईत २००१ पासून 'बालसखी' प्रयोग झाला: तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं दिवसाचे दोन तास बाजूला घेऊन वस्तीतल्याच एका तरुणीने त्यांना त्यांच्या पातळीवर शिकवायचं. मुलं सुधारली, ती किती सुधारली हेही नीट मोजलं गेलं, आणि जगभर गाजलेला शोधनिबंध २००७ मध्ये छापून आला. त्यावर चार नावं आहेत, चारही अर्थशास्त्रज्ञांची. त्यातल्या दोघांना, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. शाळा आपल्या, मुलं आपली, प्रश्न शिक्षणशास्त्राचा. मोजपट्टी तेवढी दुसऱ्या विद्याशाखेतून आली.

आणि वाडा. पालघर जिल्ह्यातल्या या तालुक्यात मराठीसाठी आणि कर्नाटकातल्या यादगीरला कन्नडसाठी शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षं त्याच त्या मुलांचा पाठपुरावा केला. पहिलीत आलेलं मूल वाचायला-लिहायला कसं शिकतं, कुठे अडतं, वर्गात त्या वेळी काय चाललेलं असतं, हे सगळं. २०१७ मध्ये अहवाल आला. मुळाक्षरं आणि बाराखडीच्या दळणात इतका वेळ जातो की अर्थाचं वाचन वाट पाहत राहतं, आणि तिसरीच्या अखेरीसही बरीच मुलं मात्रांत आणि जोडाक्षरांत अडकलेली असतात, असं त्यात दिसतं. तो अहवाल वाचताना मला ते मुख्याध्यापक आठवले. त्यांच्या प्रश्नाच्या दिशेने कुणीतरी निदान चार पावलं टाकली होती. त्यांनी विचारल्यानंतर १९ वर्षांनी.

या सगळ्या मंडळींत एक गोष्ट सारखी आहे. त्यांची पदवी कशातली होती याला फार महत्त्व नाही. ती एका जागी टिकली. फलटण, खिरोदा, वाडा, मुंबईच्या वस्त्या. प्रश्नावली वाटून परत आली नाहीत. आज चुकलं तर उद्या त्याच वर्गात पुन्हा जाऊन बघता आलं.

हे विद्यापीठांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. देशाच्या सगळ्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की शिक्षक-शिक्षण एकटं पडलंय: विद्यापीठाच्या मुख्य प्रवाहापासून तुटलेलं, शाळांपासून तुटलेलं आणि आपापसांतही तुटलेलं. काही निवडक विद्यापीठांत मोठे शिक्षणशास्त्र विभाग उभारा, तिथे इतर विषयांचे लोक आणा, शाळांशी कायमचं नातं ठेवा, असा त्याचा रोख होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचं आणि चित्राताई नाईकांचं जिवंत नातं होतं, म्हणून तो माणूस दिल्लीत बसूनही खेड्यातल्या शाळेबद्दल अंदाजाने लिहीत नव्हता. पुढच्या साठ वर्षांत त्या तीन तुटलेपणांतलं एकही मिटलं नाही. उलट मधल्या काळात डी.एड.-बी.एड. कॉलेजांचा धंदा झाला. त्याचं पितळ उघडं पडलं तेही महाराष्ट्रातूनच. राज्यातल्या २९१ डी.टी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, आणि तपासणीत त्यातल्या बहुतेक संस्था मान्यतेच्या लायकीच्या नसल्याचं दिसलं. २०१२ च्या अहवालात आयोगाने नोंदवलं की देशातल्या सेवापूर्व शिक्षक-शिक्षणाच्या सुमारे ९० टक्के संस्था सरकारी नाहीत.

या धंद्याचा विद्यापीठातल्या विभागाशी काय संबंध? खूप आहे. कॉलेजं वाढली तशा संलग्नतेच्या समित्या वाढल्या. विभागातला प्राध्यापक वर्षातले कितीतरी दिवस कुठल्याशा कॉलेजची 'एलआयसी', म्हणजे स्थानिक चौकशी समितीची तपासणी, करायला गाडीत बसलेला. ग्रंथालयातली पुस्तकं मोजायची, प्रयोगशाळेची खोली खरंच प्रयोगशाळा आहे की काल रात्री फळा लावलाय ते बघायचं, जेवायचं, सही करायची. तज्ज्ञपणाचा हा सर्वांत जास्त वापरला जाणारा उपयोग.

आता प्रबंधाचा साचा. शिक्षणशास्त्रात ज्यांनी पीएच.डी. केली त्यांना तो पाठ असतो. एखादी अध्यापन पद्धती घ्यायची. एका शाळेतल्या नववीच्या दोन तुकड्या घ्यायच्या, एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट. पूर्व चाचणी, पंधरा दिवस उपक्रम, उत्तर चाचणी. टी मूल्य काढायचं, ०.०५ स्तरावर सार्थक फरक दाखवायचा, 'दोन गटांत फरक नाही' ही शून्य परिकल्पना फेटाळायची. हा फरक जवळजवळ नेहमीच निघतो, कारण प्रायोगिक गटाला पंधरा दिवस एक उत्साही माणूस नवी साधनं घेऊन शिकवत असतो आणि दुसऱ्या तुकडीला तिचे नेहमीचे दमलेले सर. पद्धत कुठलीही असो, जिंकतो तो उत्साह. सहा महिन्यांनी त्या तुकडीत काय उरलं हे पाहायला कुणी परत जात नाही, कारण तोवर सिनॉप्सिसपासून व्हायवापर्यंतच्या फायली पुढे सरकलेल्या असतात. विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा असलेल्या शोधगंगेवर हे प्रबंध आता कुणालाही वाचता येतात. शीर्षकातला तालुका आणि विषय झाकला तर एक दुसऱ्यापासून ओळखता येणार नाही.

मी हे खिजवायला लिहीत नाही. तो साचा मीच एकदा भरला आहे, आणि मला माहीत आहे की तो आळसातून आलेला नाही. ज्याला जे मोजलं जातं ते माणूस करतो. २०१० पासून गुणांकनाची पद्धत आली आणि पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. लगेच निबंध छापून देणारी दुकानं निघाली. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि पुण्यातल्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असावीत असं दिसलं. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचे संपादकच सापडेनात. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली, मग मान्य नियतकालिकांची 'केअर' ही नवी यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही गेली. याद्या आल्या नि गेल्या. पण प्राध्यापकाने एखाद्या जिल्हा परिषद शाळेत दोन वर्षं दर मंगळवारी बसून पहिलीच्या वाचनाच्या नोंदी ठेवल्या, तर त्याला किती गुण, हे कुठल्याच यादीत नव्हतं. त्यात कितीतरी जागा रिकाम्या, कितीतरी तासिका तत्त्वावर. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने दहा वर्षांचा पाठपुरावा कसा करायचा?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्या विभागप्रमुखांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, संशोधक म्हणजे शाळेचा दुरुस्ती कामगार नव्हे. शिक्षणाचं समाजशास्त्र असतं, इतिहास असतो, तत्त्वज्ञान असतं. जात आणि शाळा यांचं नातं समजून घेणाऱ्याला 'रफार कधी शिकवू' हे विचारणं म्हणजे सुताराकडून साखर मागणं. हे बरोबर आहे. शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने वर्गात बसलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही, त्याने अभिलेखागारात बसावं. पण आपल्या कपाटांतले बहुतेक प्रबंध समाजशास्त्राचे नाहीत, इतिहासाचेही नाहीत. ते 'परिणामकारकतेचा अभ्यास' आहेत. म्हणजे वर्गात काय चालतं ते आम्ही सांगतो असा त्यांचा स्वतःचाच दावा आहे. दावा वर्गाचा असेल तर हिशोबही वर्गातच द्यायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. संशोधन केलं तरी ऐकतो कोण? २०२५ च्या हिंदीच्या प्रकरणात राज्याच्या स्वतःच्या भाषा सल्लागार समितीने निर्णय मागे घ्या असं कळवलं होतं. निर्णय मागे गेला तो समितीमुळे नव्हे, रस्त्यावरच्या मोर्चाच्या धास्तीने. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं या विचाराचा, प्रयोग रंगला तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या बसेस तिकडे जात होत्या, आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर तर फरशीवर वर्तुळं रंगवण्याची लाटच आली. रंगवलेल्या फरशीने मूल किती शिकलं आणि तिथल्या शिक्षकांच्या मेहनतीने किती, हे वेगळं काढून दाखवायची तेव्हा घाई कुणालाच नव्हती. तेव्हा हो, सरकार ऐकत नाही. पण शिक्षक ऐकतो. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात, ज्याच्या वर्गात 'राष्ट्र' वाचता न येणारी अकरा मुलं बसली आहेत, तो उत्तर कुठूनही आलं तरी घेतो. आज तो व्हॉट्सअॅपवरून घेतो, कारण तिथे कुणीतरी मराठीत, एका पानात सांगतं.

मराठीचा मुद्दा इथे येतोच. शिक्षणशास्त्राचे प्रबंध मराठीत लिहिता येतात, लिहिलेही जातात. पण ती मराठी इंग्रजी वाक्यावर मराठी शब्दांची खोळ चढवलेली असते, आणि ज्यांचं काम खरोखर चांगलं ते इंग्रजीत छापतात, कारण गुण तिथे मिळतात. वाड्याच्या मुलांचं संशोधन वाड्याच्या शिक्षकाला कळेल अशा बोलीत पोचवणं हे दुय्यम काम आहे, अशी आपली समजूत आहे. मला ते निम्मं संशोधन वाटतं. जो निष्कर्ष गुरुजींना सांगताना अडखळायला होतं, तो बहुधा आपल्यालाच नीट कळलेला नसतो.

लीलाताई पाटील आठवतात. अध्यापक महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिक्षक घडवल्यानंतर, निवृत्तीच्या वयात, १९८५ मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' काढलं. जे इतकी वर्षं सांगितलं ते स्वतःच्या शाळेत करून पाहिलं, जमलं ते लिहिलं, जमलं नाही तेही लिहिलं. शिक्षणशास्त्राच्या एका प्राध्यापकाने हे करण्यासाठी निवृत्त व्हावं लागलं, यातच विद्यापीठांची गोष्ट आली. नोकरीत असताना त्यांना शाळा मिळाली असती तर?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाने एक केंद्र घ्यावं. केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेच्या भाषेतलं केंद्र, दहा-बारा शाळा, एक केंद्रप्रमुख. दहा वर्षांसाठी. एम.एड.चे लघुप्रबंध, पीएच.डी., बी.एड.ची आंतरवासिता, सगळं तिथेच. विषयांची यादी मार्गदर्शकांच्या टेबलावर बनू नये, दर एप्रिलमध्ये त्या शाळांच्या शिक्षकांसोबत बसून बनावी. एका वर्षीचा विद्यार्थी जिथे थांबला तिथून पुढच्या वर्षीच्याने उचलावं. असं झालं तर दहा वर्षांनी एखाद्या विभागाकडे पहिलीतून दहावीत गेलेल्या शेकडो मुलांचं वाचन, गणित, गैरहजेरी, शाळागळती यांची सलग नोंद असेल. मग संख्यावाचनाचा वाद पेटला की वाहिनीवाला त्या विभागाला फोन करील. मराठीतला एका पानाचा निष्कर्ष शाळेला परत पोचल्याचं केंद्रप्रमुखाचं पत्र असल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. आणि हे सगळं पदोन्नतीत शोधनिबंधाइतकंच मोजावं. नाही मोजलं तर कुणी करणार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आत्ताच का, असं विचाराल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षक होण्याची किमान पात्रता होणार आहे, आणि ती बहुविद्याशाखीय संस्थांत द्यायची आहे. नुसती बी.एड. कॉलेजं मागे पडणार, विद्यापीठं पुढे येणार. कागदावर कोठारी आयोगाच्या तीन तुटलेपणांतलं पहिलं मिटतंय. पण विद्यापीठाच्या आवारात आल्यावर शाळा आणखी लांब जाण्याची भीती आहे. कॉलेजच्या शेजारी निदान एक सराव शाळा तरी असायची, मुख्याध्यापक कुरकुरत का होईना वर्ग द्यायचे.

या कुरकुरीत तथ्य आहे. मागे एका विभागप्रमुखांशी बोलताना ते म्हणाले, "शाळाच आम्हाला आत घेत नाहीत." मी एका केंद्रप्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येतात, फॉर्म भरून घेतात, मुलांसोबत फोटो काढतात आणि जातात. परत कोण येतं?" परवानगीचं पत्र त्यांनी मला दाखवलं. शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं, अर्ध्या पानाचं. 'शालेय कामकाजात अडथळा न आणण्याच्या अटीवर पंधरा दिवसांसाठी.' त्यांच्या फायलीत अशी वीसबावीस पत्रं होती, वेगवेगळ्या विद्यापीठांची. निष्कर्ष कळवल्याचं एकही नव्हतं. माझं पत्रही अशाच कुठल्यातरी फायलीत असेल.